निवेदनाचा फोटो आहे, निवेदन कुठे आहे?

मागच्या पावसाळ्यात, रोवणीच्या ऐन धांदलीत, केशोरीतली आमच्या वस्तीची एक मुलगी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता. कारण अगदी साधे. जातीच्या दाखल्याची जोडलेली प्रत अस्पष्ट आहे, वाचता येत नाही, मुदतीत पुन्हा जोडावी. ही सूचना कधीची? दीड महिन्यापूर्वीची. मुदत केव्हाच संपलेली. मग इतके दिवस काय केले, असे मी जरा रागानेच विचारले. ती म्हणाली, "काका, मला कळलंच नाही. ते ईमेलवर आलं होतं म्हणतात."

कोणाच्या ईमेलवर? तर ज्या केंद्रात तिने अर्ज भरला त्या केंद्रचालकाच्या. मी त्याला जाऊन भेटलो. त्याने मुद्दाम वाईट केले असे मी म्हणणार नाही. अर्जात ईमेलचा रकाना सक्तीचा, मुलीकडे ईमेल नाही, मागे दहा जण रांगेत. त्याने आपल्या दुकानाचा पत्ता टाकला आणि पुढचा अर्ज घेतला. असे किती जणांचे केले, म्हणून विचारले तर हसून म्हणाला, "साहेब, अर्धं गाव माझ्याच ईमेलवर आहे."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. एके काळी वस्तीतल्या माणसाला आलेले पत्र गावातला कोणी शिकलेला माणूस वाचून दाखवायचा. पत्रात काय आहे ते मालकाच्या आधी वाचणाऱ्याला कळायचे. तो वाचेल तेवढेच आपले, गाळेल ते गेले. शंभर वर्षे शिकण्यासाठी झगडलो, आणि आता वाचता येणाऱ्या मुलीचे पत्र पुन्हा दुसऱ्याच्या पेटीत पडते. तिच्या वडिलांना मी हे समजावून सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "मले कायले पायजे बाबू ईमेल? मोबाइल हाये ना माह्यापासी." वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आम्हा कार्यकर्त्यांचा आहे, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

आम्ही निवेदने देणारी माणसे. वर्षभर देतो. तहसील कार्यालय अर्जुनी मोरगावला, जिल्हाधिकारी गोंदियाला. पाच-सात जण मिळून जातो, साहेबांच्या हातात कागद ठेवतो, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, फोटो निघतो. तो संध्याकाळपर्यंत वीस व्हॉट्सअॅप गटांत फिरतो. खाली "जय भीम, अभिनंदन दादा" म्हणून चाळीस जण लिहितात. तीन महिन्यांनी कोणी विचारले की त्या निवेदनाचे काय झाले, तर आम्ही तो फोटो काढून दाखवतो. निवेदनाची प्रत दाखवा म्हटले तर नसते. पोच घेतली होती का? घाईत राहून गेली. आवक क्रमांक? माहीत नाही. त्यात नेमके काय मागितले होते? साधारण हे हे मागितले होते. साधारण! मी स्वतः असली डझनभर निवेदने दिली आहेत. त्यातल्या दोनची प्रत माझ्याकडे आहे. म्हणून हे मी दुसऱ्यांना नव्हे, आधी मला बोलतो आहे.

आपली चळवळ कागदावर उभी राहिली, याचा आम्हाला विसर पडला आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला लेखी निवेदन दिले. ते नुसते बोलून आले असते तर शेतकऱ्याच्या पैशातून ब्राह्मणांचे शिक्षण चालते हा त्यांचा हिशेब आज आपल्यासमोर नसता. गोपाळबाबा वलंगकरांनी लष्करभरती बंद झाल्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला, लष्करात आणि पोलिसात आमच्या माणसांना घ्या म्हणून. बाबासाहेबांची सार्वजनिक कारकीर्द सुरू झाली तीच साउथबरो समितीपुढच्या १९१९ च्या साक्षीने. सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी १९२८ मध्ये दिलेली निवेदने बघा, आकडे आणि मागण्या कशा मांडल्या आहेत ते बघा. आणि दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रे जपून ठेवली, म्हणून ती आज छापलेली वाचता येतात. १९६४ साली भूमिहीनांच्या सत्याग्रहाआधी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान शास्त्रींना मागण्यांची सनद दिली तीही लेखीच. लिहिणे, सोबत पुरावा जोडणे, प्रत आपल्याकडे ठेवणे हा या माणसांचा शिरस्ता होता. फोटो कोणाचा निघाला ते आपल्याला ठाऊकही नाही.

बाबासाहेब १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आपला भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. दर १४ एप्रिलला आमचे वक्ते हे सांगतात आणि त्या पराभवाबद्दल दुसऱ्यांना दूषणे देतात. द्यायलाच हवीत. पण त्याच मंचावरच्या किती जणांना एक ईमेल लिहून त्याला दोन कागद जोडून पाठवता येतात, हे विचारायची माझी फार इच्छा असते. मागे एकदा विचारले होते. पुढच्या वर्षी मला भाषणाला बोलावले नाही.

गंमत अशी की ज्याला निवेदन लिहिता येते त्याला ईमेल अर्धा आलेलाच असतो. आमच्या वस्तीतल्या दहावी झालेल्या कोणालाही कागद द्या. तो डावीकडे 'प्रति' लिहील, खाली 'मा. तहसीलदार साहेब', मग 'विषय', मग 'महोदय', मग मजकूर. शेवटी 'आपला विनम्र', त्याखाली 'सोबत' म्हणून जोडलेल्या कागदांची यादी आणि 'प्रतिलिपी माहितीस्तव' म्हणून दोन-तीन साहेबांची नावे. आता मोबाइलवर ईमेल उघडा. 'टू' म्हणजे आपले प्रति. 'सब्जेक्ट' म्हणजे विषय. 'सीसी' म्हणजे प्रतिलिपी, आणि हा शब्दही कार्बन कागदावरून आला आहे, तोच कार्बन जो तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देणारे दोन कागदांच्या मध्ये ठेवायचे. 'अटॅचमेंट' म्हणजे सोबत, सरकारी भाषेत सहपत्रे. त्याचे चिन्हसुद्धा यू-पिनेचे आहे, जी पिन आम्ही निवेदनाला लावतो. नवीन काय आहे मग? एक अॅटचे चिन्ह, जे १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे करायला निवडले. बस.

ज्यांच्या घरात संगणकाच्या कोर्सचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे, अशी पोरेही मला भेटतात ज्यांनी आयुष्यात एकही ईमेल पाठवलेला नाही. प्रमाणपत्र नोकरीच्या जाहिरातीसाठी होते. ईमेल कोणाला पाठवायचा आणि कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. माझ्या मते हे सांगणे संगणकाच्या शिक्षकाचे काम नाही, ते आपले आहे. माणूस बटण कधीही शिकतो. अडते ते, साहेबाला मी लिहू शकतो का, इथे.

जोडणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या मुलांचे अर्ज मजकुरासाठी परत येत नाहीत, जोडणीसाठी येतात. पहिली चूक फोटोची. घरातल्या चाळीस वॉटच्या उजेडात, पलंगावर दाखला ठेवून, वरून मोबाइलची सावली पाडून फोटो काढला जातो. मग तो व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवला जातो, तिथून तिसऱ्याला, आणि तिसऱ्याकडून केंद्रावर. व्हॉट्सअॅप प्रत्येक फोटो दाबून लहान करते. तीन हात फिरलेला जातीचा दाखला असा दिसतो की मूळ मालकालाही आपला अनुक्रमांक वाचता येऊ नये. त्या मुलीच्या दाखल्याचे हेच झाले होते. दाखला दारात, दिवसाच्या उजेडात, सपाट फळीवर ठेवा. मोबाइलमधल्या स्कॅन करणाऱ्या अॅपने पीडीएफ करा. दोन पानांचा दाखला असेल तर दोन्ही पाने एकाच पीडीएफमध्ये घ्या, मागची बाजू विसरू नका, कारण शिक्का पुष्कळदा मागेच असतो. आणि जोडण्याआधी स्वतः उघडून, बोटांनी मोठे करून, नाव आणि क्रमांक वाचता येतो का ते बघा. आपल्याला वाचता येत नसेल तर गोंदियाच्या कारकुनालाही येणार नाही, आणि त्याला तर न वाचण्याचे निमित्तच हवे असते.

दुसरी चूक नावाची. मोबाइल फाइलला आपणहून एक लांबलचक आकड्यांचे नाव देतो. कार्यालयात अशा आकड्यांच्या फाइली शंभर येतात. आपल्या फाइलचे नाव 'जातीचा दाखला' आणि पुढे आपले नाव असे ठेवा. आम्ही कागदावर 'परिशिष्ट अ', 'परिशिष्ट ब' लिहितोच ना? तेच.

तिसरी गोष्ट आपल्या भागात फार छळते, ती फॉन्टची. तालुक्यातले टाइप करून देणारे अजूनही कृतीदेवमध्ये टाइप करतात. कृतीदेवची अक्षरे आतून रोमन असतात, वर देवनागरीचे सोंग. ती फाइल तशीच जोडून पाठवली आणि समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसला, की सोंग गळते आणि निवेदनाच्या जागी अगम्य खुणांचा ढीग दिसतो. मी एकदा अत्याचाराच्या प्रकरणातले चार पानी निवेदन असेच पाठवले होते. दहा दिवसांनी उत्तर आले, "फाइल उघडत नाही." दहा दिवस! म्हणून टाइप करणाऱ्याकडून पीडीएफ मागून घ्या किंवा युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा. मोबाइलवर आपण जी मराठी लिहितो ती युनिकोडच असते, म्हणजे मोबाइलवर लिहिणारा पोरगा या बाबतीत त्या टाइपवाल्याच्या पुढे आहे.

आकाराचेही सांगतो. जीमेलमधून एका पत्राला २५ एमबीपर्यंतच जोडता येते. दाखले, सातबारा, पाच-सहा फोटो सहज बसतात. व्हिडिओ बसत नाही. मोठा व्हिडिओ जोडायला गेलात की तो गुगल ड्राइव्हवर जातो आणि पत्रात नुसती लिंक राहते. ती लिंक उघडायची परवानगी आपण दिली नसेल तर साहेबाला 'परवानगी मागा' असे दिसते. साहेब कशाला मागेल? लिंक पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर उघडून बघावी. आणि शेवटची चूक सगळ्यांची, माझीही: "सोबत जोडले आहे" असे लिहायचे आणि जोडायचेच नाही. आधी जोडा, मग मजकूर लिहा, साहेबाचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका. पत्ताच नसेल तर अर्धवट पत्र चुकून जाणार नाही. पाठवल्यावर 'सेंट'मध्ये जाऊन आपले पत्र आणि जोडणी पुन्हा उघडा. ती आपली कार्बन कॉपी.

आता कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला, साहेबाच्या व्हॉट्सअॅपवर टाकले की झाले. नाही झाले. साहेबाची बदली झाली की तो नंबर त्याच्यासोबत गेला. तुमचा मोबाइल फुटला की तुमची प्रत गेली. ईमेल कार्यालयाच्या पत्त्यावर जातो, तो पत्ता खुर्चीचा असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये यासाठी कलम १३ आहे. पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात पत्र शिरले की ते पाठवले गेले असे ते कलम मानते, आणि घेणाऱ्याने त्यासाठी ठरवून दिलेल्या पत्त्यावर पोहोचले की ते मिळाले असे मानते. म्हणून कारकुनाच्या खासगी पत्त्यावर न पाठवता जिल्ह्याच्या संकेतस्थळावर दिलेल्या अधिकृत पत्त्यावरच पाठवावे. महाराष्ट्राचा बदल्यांचा आणि विलंबाचा २००५ चा कायदा सांगतो की कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याने फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये. हे सात दिवस मोजायचे कुठून? तुमच्याकडे तारीख असेल तर त्या तारखेपासून. नसेल तर कायदा पुस्तकात चांगला दिसतो.

माहिती अधिकाराचेही तेच. कलम ६ म्हणते, अर्ज लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने करता येतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची आहे. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. ईमेलने शुल्क भरता येत नाही म्हणून राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून करा, तिथे पैसेही भरता येतात आणि क्रमांकही मिळतो. पण तिथेही ईमेल लागतो आणि तो आपलाच हवा. दहा रुपयांच्या अर्जासाठी रोजी पाडून, एसटीने जाऊन, दिवस घालवणाऱ्या माणसाला हा फरक मी सांगायची गरज नाही.

ईमेल पाठवला म्हणून कागद सोडू नका. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याला इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. पण देणाऱ्याने तीन दिवसांत जाऊन सही केली तरच ती नोंदीवर येते. ते तीन दिवस चुकवायचे नाहीत. आणि ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लिहायचे ते त्याच कलमात आजही लेखी आणि डाकेने असेच आहे. म्हणून स्पीड पोस्टची पावती घ्या, तिचा फोटो काढा, आणि तो फोटो जोडून ईमेलही करा. अत्याचाराच्या तक्रारीत सीसीमध्ये अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि अनुसूचित जाती आयोग असलेच पाहिजेत. ठाण्यातल्या अंमलदाराला दिसते की हा कागद एकट्याकडे आलेला नाही, आणि पुष्कळदा तेवढ्याने त्याची भाषा बदलते. मात्र पीडितेच्या नात्यातल्या लोकांना, साक्षीदारांना प्रत पाठवायची असेल तर सीसीमध्ये टाकू नका. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसतो. त्यांच्यासाठी बीसीसी आहे, त्यातले नाव दुसऱ्याला दिसत नाही. ही एक चूक गावात एखाद्याच्या जिवावर येऊ शकते.

खैरलांजी आमच्यापासून फार लांब नाही. २९ सप्टेंबर २००६. त्या कुटुंबाने आधी तक्रारी केल्या नव्हत्या असे नाही, त्या ऐकल्या गेल्या नाहीत. ईमेल असता तर भोतमांगे कुटुंब वाचले असते, असले बोलणे मी करणार नाही, ते त्यांचा अपमान करणारे आहे. सांगायचे ते त्यानंतरच्या दिवसांचे आहे. मोठी वर्तमानपत्रे गप्प असताना प्रेतांची छायाचित्रे आणि कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल हातोहात, सीडीवर आणि ईमेलच्या जोडणीतून फिरले. नागपूरहून मुंबईला, तिथून परदेशातल्या आंबेडकरी मंडळांपर्यंत. रस्त्यावर लोक उतरले ते नंतर. आमच्यातल्या थोड्या लोकांना तेव्हा एक फाइल जोडून पाठवता येत होती, म्हणून ते प्रकरण दाबणे अवघड झाले. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात त्याहून चांगले यंत्र आहे, आणि आपण त्यावर सुप्रभात पाठवतो.

याच जोडणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेले रोना विल्सन यांच्या लॅपटॉपचा अभ्यास अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केला. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. त्यात म्हटले आहे की जून २०१६ मध्ये ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून एक फाइल आली, ती उघडताच लॅपटॉपमध्ये हेरगिरीचा प्रोग्राम शिरला, आणि पुढे आक्षेपार्ह पत्रे बाहेरून त्यात ठेवली गेली. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे मान्य नाही. न्यायालयात काय ठरायचे ते ठरो. आमच्यासारख्या भागात, जिथे जंगल आहे, पोलिसांची चौकी आहे आणि नक्षलवादाच्या नावाने कोणाकडेही बोट दाखवता येते, तिथल्या कार्यकर्त्याने यातून धडा घेतलाच पाहिजे. न मागता आलेली फाइल ओळखीच्या नावावरून आली तरी उघडू नका. आधी त्या माणसाला फोन करा, तू पाठवलीस का म्हणून. 'शिष्यवृत्ती मंजूर, इथे क्लिक करा' असले आले की समजा कोणीतरी तुमच्या ओटीपीच्या मागे आहे. भीती वाटली म्हणून ईमेलच नको, हा मात्र उपाय नव्हे. भीतीने आपण पाटी-पेन्सिलही सोडली असती.

आता खात्याबद्दल, कारण सगळे तिथे येऊन अडते. ईमेल खाते काढताना मोबाइल नंबर द्यावा लागतो. आमच्याकडे सिम सणासारखी बदलतात. जिथे ऑफर, तिथे नंबर. जुना नंबर बंद पडला, पासवर्ड विसरला, की खाते गेले, आणि त्यासोबत त्यातली सगळी पत्रे. म्हणून जो नंबर आधारला आणि बँकेला जोडला आहे तोच द्या आणि तो चालू ठेवा. पासवर्ड वहीत लिहा, वही घरात ठेवा. केंद्रचालकाला सांगू नका, तो कितीही भला असो. दोन वर्षे कोणी उघडलेच नाही तर गुगल खाते काढून टाकू शकते, तेव्हा महिन्यातून एकदा तरी उघडा. बायांच्या बाबतीत मी हट्टाने सांगतो: बाईच्या नावाचे खाते बाईच्या नंबरावर. बचत गटाच्या अध्यक्ष ताईंचा ईमेल नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असेल तर गटाला येणारे पत्र आधी नवरा वाचतो. हे केंद्रचालकाच्या पेटीपेक्षा वेगळे आहे का?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा वगैरे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे द्यायची. आपण आनंद केला, आणि तो करायलाच हवा होता, कारण माणसाचा पत्ता त्याची जात सांगत राहावा ही व्यवस्था कोणी तरी मोडायची होती. पण पुष्कळ कागदांवर जुनेच नाव अजून निघते. ईमेलचा पत्ता मात्र कोणाच्या ठरावावाचून आपण स्वतः निवडू शकतो. आमच्या पोरांनी निवडलेले पत्ते बघितले तर हसू येते, 'किंग', 'डॅशिंग' आणि काय काय. असू द्या. नोकरीच्या अर्जासाठी एक साधे, नावाचे खाते वेगळे काढा एवढेच मी सांगतो.

आणि नेटवर्क? हो, नसते. गोठणगावकडे इटियाडोहच्या बाजूला गेलो की मोबाइल नुसता घड्याळ होतो. पण मजकूर नेटवर्कशिवाय लिहिता येतो आणि जोडणी लावून ठेवता येते. नेटवर्क मिळाले की पत्र आपोआप जाते. गेले की नाही ते मग 'सेंट'मध्ये बघायचे. ही अडचण खरी आहे, निमित्त म्हणून मात्र मी ती ऐकून घेत नाही.

दिवाळीनंतर आम्ही विहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर बसायला लागलो. संगणक नाही, ज्याचा त्याचा मोबाइल. पहिल्या रविवारी अकरा जण आले, दुसऱ्या रविवारी चार. धानकापणी होती. तिसऱ्याला पुन्हा नऊ. एक साठीची मावशी आहे, तिने पहिला ईमेल आपल्या पुण्यातल्या नातवाला पाठवला आणि त्याला घराच्या कौलांचा फोटो जोडला, कारण पावसात गळते हे नातवाच्या बापाला दिसावे म्हणून. सरळ तक्रार, पुराव्यासह, योग्य अधिकाऱ्याकडे! आम्ही सगळे हसलो. पुढच्या महिन्यात मुलाने पैसे पाठवले.

त्या बी.ए.च्या मुलीचे सांगायचे राहिले. तिने आधी स्वतःचे खाते काढले. मग कॉलेजला आणि संबंधित कार्यालयाला एक पत्र लिहिले: त्रुटीची सूचना मला मिळाली नाही, ती दुसऱ्याच्या ईमेलवर गेली, अर्ज पुन्हा उघडून द्यावा. सोबत जातीचा दाखला, उन्हात, फळीवर ठेवून काढलेला. सोबत सूचनेचा स्क्रीनशॉट. सीसीमध्ये जिल्हाधिकारी. मी फक्त शेजारी बसलो होतो, तिने दोनदा जोडणी उघडून बघितली आणि मग पाठवले. उत्तर आले नाही. सात कामकाजाचे दिवस तिने वहीत खुणा करून मोजले आणि आठव्या दिवशी त्याच पत्राखाली स्मरणपत्र लिहिले. दोन्हींवर तारीख आणि वेळ आहे. तिसऱ्या आठवड्यात कॉलेजमधून फोन आला की मूळ कागदपत्रे घेऊन या. अर्ज अजून उघडलेला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज तिने लिहून ठेवला आहे, या रविवारी विहारात सगळ्यांसमोर पाठवणार आहे, आणि दहा रुपये कसे भरायचे ते बाकीच्यांना तीच शिकवणार आहे.

जय भीम.